माणूस ऑप्शनला टाकलेला समाज

दहावीचा निकाल लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसच्या चौकाचौकांत अभिनंदनाचे फ्लेक्स झळकतात. नव्वद टक्क्यांच्या वरच्या पोरापोरींच्या घरी एकच खल चालतो: शिकवणीला लातूरला पाठवायचं, नांदेडला, की थेट कोट्याला? सत्तरवाल्याच्या घरी कॉमर्सचा विचार होतो. आणि जेमतेम काठावर पास झालेल्या पोराचा बाप हताशपणे म्हणतो, "जाऊ द्या भाऊ, आर्ट्सला टाकून देतो." हे एकट्या दिग्रसलाच होतं असं नाही. दारव्ह्याला, पुसदला, आर्णीला, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी हाच क्रम आहे आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. माणसाचं हाड मोडलं तर ते जोडायला गावातलं सर्वांत हुशार पोरगं हवं. गावच मोडलं तर ते कशानं मोडलं हे शोधायला मात्र जे कुठंच चाललं नाही ते पोरगं पुरे, असा आपला हिशेब आहे.

या हिशेबाची किंमत हा जिल्हा चाळीस वर्षं मोजतो आहे, प्रेतं मोजून. तीही आपण नीट मोजलेली नाहीत.

सुरुवात शाळेतच होते. दहावीला सामाजिक शास्त्रांचे शंभर गुण. इतिहास-राज्यशास्त्राचे मिळून चाळीस, भूगोलाचे चाळीस, उरलेले वीस शाळेच्या हाती. गणिताचा तास बुडाला तर पालक तक्रार घेऊन मुख्याध्यापकांकडं जातात. राज्यशास्त्राचा तास खेळायला दिला तर पोरंही खूश आणि पालकही गप्प. परीक्षा जवळ आली की वर्गात सल्ला फिरतो: हा धडा ऑप्शनला टाका. त्या धड्यात असतं काय? मताचा हक्क, चळवळी कशा उभ्या राहिल्या, घटनेनं नागरिकाला काय दिलं. म्हणजे पंधराव्या वर्षीच आपण पोराला शिकवतो की माणूस हा ऑप्शनला टाकायचा विषय आहे. पुढं तो डॉक्टर होतो, इंजिनिअर होतो, तहसीलदार होतो आणि आयुष्यभर टाकत राहतो.

अडाणी माणसावर माझा आरोप नाही. शेजाऱ्याशी कसं वागायचं हे त्याला पोटासाठी शिकावंच लागतं. निंदणाला तांड्यातली बाई आणि भीमनगरातली बाई शेजारशेजारची पात धरतात, भांडतात, दुपारी एकमेकींच्या डब्यातलं लोणचं खातात. माझा आरोप तुमच्याआमच्यावर आहे, ज्यांच्या भिंतीवर पदवी टांगलेली आहे. एकाच गावात राहून शेजाऱ्याविषयी काहीही माहीत नसणं आपण प्रतिष्ठेचं करून ठेवलं आहे.

दिग्रसचा परिसर डोळ्यांसमोर आणा. धावंडा नदीचा काठ, जवळच अरुणावतीचं धरण, भोवती कापूस-सोयाबीन-तुरीचं रान. गावात वऱ्हाडी बोलणारा कास्तकार, उर्दू बोलणारा मोहल्ला, व्यापाऱ्यांची पेठ, आंबेडकरी वस्त्या. गावाबाहेर पडलं की बंजाऱ्यांचे तांडे. वाशीम जिल्ह्याच्या हद्दीत पोहरादेवी, साऱ्या देशातल्या बंजाऱ्यांचं श्रद्धास्थान. पुसद तालुक्यातलं गहुली हे वसंतराव नाईकांचं गाव. १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचा मुख्यमंत्री याच मुलखानं दिला. जिल्ह्याच्या पूर्वेला केळापूर-झरीकडं कोलामांचे पोड आणि गोंडांची गावं, कुठं माळाच्या कडेला पारध्यांचा बेडा. घराघरांतल्या भाषा ऐका: वऱ्हाडी, उर्दू, गोरबोली, गोंडी, कोलामी. शेवटच्या दोन द्राविडी कुळातल्या, तेलुगूच्या नात्यातल्या. इतक्या तऱ्हांचा माणूस एका जिल्ह्यात नांदतो, आणि त्याच्याविषयी इथल्या सुशिक्षिताला माहिती किती? तांड्यात होळीला नाच असतो, एवढी. मोहल्ल्यात ईदला शिरखुर्मा मिळतो, एवढी. आणि निवडणुकीच्या दिवसांत कोणाची मतं किती, एवढी.

तांड्यातलं सहा वर्षांचं पोर पहिलीत येतं तेव्हा त्याच्या घरची भाषा गोरबोली असते. पुस्तकातली मराठी त्याला नवी, मास्तरांची मराठी त्याहून नवी. प्रश्न विचारला की ते गप्प बसतं, आणि हजेरीपटाच्या कडेला त्याच्या नशिबाचा शेरा पडतो: मंद. मास्तरांनी शिक्षणशास्त्राच्या परीक्षेत मातृभाषेचं महत्त्व यावर दहा ओळी लिहून गुण घेतलेले असतात. समोर बसलेलं पोर आणि त्या दहा ओळी यांचा संबंध त्यांना कधी कोणी विचारलेला नसतो.

या पोराचे पूर्वज लमाणांचे तांडे घेऊन बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेत, फौजांना रसद पुरवत. रेल्वे आली, मिठावर सरकारी बंधनं आली, आणि एका समाजाचा धंदा बसला. ज्यांचा धंदा बसला त्यांच्या फिरण्याचा मग सरकारला संशय येऊ लागला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची सोय केली, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांत फिरस्त्या जमातींवर तो शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. पण पारध्यांच्या बेड्यावरची नजर अजून त्या कायद्याचीच आहे. गावात चोरी झाली की बोट आधी कुठं जातं, हे तुम्ही मनाशी कबूल करा. इतिहास न शिकल्याचा हा परिणाम आहे. ब्रिटिशांचा कायदा पुस्तकातून गेला आणि आपल्या डोक्यात वतन करून राहिला.

आता २०१७ सालाकडं या. त्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो माणसांना विषबाधा झाली. वीसहून अधिक दगावली. यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा भरल्या. बातमी देशभर गेली, चौकशी पथक आलं, औषधांची नावं छापून आली, मंत्री आले. आणि सगळी चर्चा फिरून फिरून एका वाक्याशी येऊन थांबू लागली: मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, काळजी घेतली नाही.

डब्यात कोणतं विष होतं ते रसायनशास्त्रानं सांगितलं. ते रक्तात जाऊन काय करतं ते वैद्यकानं सांगितलं. पण तो माणूस उघड्या अंगानं फवारत का होता, हे कोणी सांगायचं? तो बहुधा दुसऱ्याच्या शेतात मजुरीवर होता. जितके पंप मारील तितके पैसे. उन्हाच्या कडाक्यात प्लास्टिकचा अंगरखा घालून तो निम्मेच पंप मारू शकला असता. कपाशी त्या वर्षी माणसाइतकी, कुठं डोक्याच्या वर वाढली होती. फवारा वरून खाली त्याच्याच अंगावर येत होता. कोणतं औषध कशात मिसळायचं हा सल्ला कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराचा, आणि माल उधारीवर. उधारी घेणारा सल्ल्यावर शंका घेत नाही. डब्यावरची सूचना बारीक अक्षरांत, वाचणाऱ्याचं शिक्षण चौथी. चक्कर आली तरी दुसऱ्या दिवशी कामावर जायचं, कारण तो दिवस बुडाला तर चूल बुडते. ही सगळी कारणं समाजाच्या रचनेतली आहेत. मजुरी, उधारी, जमीन, अक्षर, भूक. ती शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. पातीवर बसून माणसाशी बोलावं लागतं आणि त्या बोलण्याची मांडणी करावी लागते. तालुक्यातालुक्यात आपण आर्ट्सला टाकलेली पोरं होती. त्यांना ही विद्या आपण दिली असती तर मृगाच्या आधीच कोणीतरी सांगितलं असतं की यंदा माणसं मरतील.

याहून जुनी जखम आत्महत्यांची. १९ मार्च १९८६ ला याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पवनारजवळ बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. तिथून मोजायला लागलं तर चाळीस वर्षं होतात. शासनानं मदतीसाठी नियम केले. कुटुंबाला एक लाख रुपये. पण आधी आत्महत्या पात्र ठरली पाहिजे. जमीन मृताच्या किंवा घरच्यांच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, वसुलीचा तगादा हवा. या चाळणीतून पडलेल्या मरणावर शिक्का बसतो: अपात्र. दुसऱ्याची जमीन ठेक्यानं करणारा अपात्र. पाहुण्याकडून, दुकानदाराकडून, बिनपरवान्याच्या सावकाराकडून उसनं घेतलेला अपात्र. मरणाची पात्रता ठरवणारा हा कागद एखाद्या दुष्ट माणसानं बनवला असं मला वाटत नाही. हुशार माणसांनीच बनवला. पण गावात कर्ज कसं मिळतं, जमीन कोण कसतो आणि सातबारा कोणाच्या नावावर असतो, याचं ज्ञान त्या हुशारीत नव्हतं.

आणि बाई? ती पेरते, निंदते, कापूस वेचते, बैलांचं करते. पण सातबाऱ्यावर तिचं नाव शोधायला भिंग लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं, त्याला तीन दशकं होऊन गेली. मोहीम ओसरली, सातबारा तसाच राहिला. नवरा गेला की दीर-सासऱ्याशी फेरफाराची लढाई, तलाठ्याकडं खेटे, आणि वर गावाचे डोळे: कुंकू पुसलेली, शुभकार्यात पुढं न येणारी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांच्या अपमानाच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनानं राज्यभरच्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. ज्या जिल्ह्यात घराघराला या बाईची ओळख आहे, त्या जिल्ह्यानं तो ठराव सर्वांत आधी का केला नाही? कारण आपण आत्महत्येचा विषय कापसाच्या भावापुरता ठेवला. भाव हवाच. पण नवरा मेल्यावर तिला जगू न देणारं घर आणि गाव हे कापसाच्या भावानं दुरुस्त होत नाही.

जुलै २००६ च्या तोंडावर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच्या आदल्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्थेनं आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल दिला होता. पुढं आणखी अभ्यास झाले, समित्या झाल्या. म्हणजे अभ्यास झालेच नाहीत असं नाही. झाले, आणि मुंबई-दिल्लीच्या कपाटांत इंग्रजीत पडून राहिले. ज्या बाईला घरात जाऊन प्रश्न विचारले तिच्यापर्यंत उत्तर परत आलं नाही. माझा हा दुसरा आरोप समाजशास्त्रज्ञांवर आहे. तुम्ही गावाकडून माहिती घेता आणि पदोन्नतीसाठी खर्च करता. पीएच.डी. ची काळी जाड बाइंडिंगं विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओळीनं उभी आहेत. गावाच्या चावडीवर त्यातलं एक पान कोणी वाचून दाखवलं?

पूर्वेकडच्या झरी-जामणी भागात कोलाम मुलींना फसवून सोडून देणाऱ्यांची गोष्ट सगळ्या महाराष्ट्रानं वाचली आहे. रस्त्याच्या, जंगलाच्या कामावर आलेले ठेकेदार, व्यापारी, नोकरदार आले आणि गेले. पोरं आयांच्या पदरात राहिली. शासनानं, पत्रकारांनी, संस्थांनी 'कुमारी माता' मोजल्या. यादी आयांची झाली, बापांची झाली नाही. कोलाम ही राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे हे स्पर्धा परीक्षेच्या पोराला तोंडपाठ असतं. उरलेल्या दोन कातकरी आणि माडिया गोंड हेही तो झोपेत सांगेल. हे सांगून त्याला एक गुण मिळतो. त्या पोडावरची मुलगी असुरक्षित कोणापासून आहे, हा प्रश्न पेपरात येत नाही, म्हणून त्याच्या डोक्यातही येत नाही.

आज तालुक्याच्या गावी खरी गर्दी अभ्यासिकेत आहे. सकाळी सहापासून पोरं खुर्ची धरून बसतात. समाजसुधारकांच्या जन्मतारखा, कायद्यांची सालं, कलमांचे आकडे. कलम सतरा अस्पृश्यतेचं, हे पाठ करून उठलेलं पोरगं लग्नाच्या बायोडाट्यात पोटजात घालतं आणि नोकरी लागली की हुंड्याचा भाव वाढवतं. फुल्यांचं जन्मसाल सांगणारा घरात बहिणीच्या शिक्षणाला नाही म्हणतो. समाजशास्त्र आपल्या गावात आलंच नाही असं म्हणता येणार नाही. ते आलं आणि सरकारी नोकरीच्या दारात चप्पल काढून ठेवतात तसं बाहेर राहिलं.

हे अज्ञान आता नुसतं लाजिरवाणं राहिलेलं नाही, धोक्याचं झालं आहे. पैनगंगेच्या अलीकडं महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो. नदी ओलांडून तेलंगणात गेलं की तोच लंबाडा अनुसूचित जमातीत. कर्नाटकात तोच लंबाणी अनुसूचित जातीत. एका तांड्यातल्या दोन बहिणी दोन राज्यांत दिल्या तर सरकारदरबारी त्यांच्या लेकरांचे वर्ग वेगळे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठा आरक्षणाच्या निमित्तानं हैदराबाद गॅझेटचा विषय निघाल्यावर बंजारा समाजानं अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी मोर्चे काढले आणि आदिवासी समाजानं विरोधात मोर्चे काढले. दोन्हीकडं गरीब माणसं, दोन्हीकडं पोरांच्या नोकऱ्यांची चिंता. नदीपलीकडं आदिलाबादेत २०१७ च्या अखेरीस गोंड आणि लंबाडा यांच्यात याच प्रश्नावर उटनूर परिसर पेटला होता. ते पाहूनही आपण काय शिकलो?

कोणाची मागणी बरोबर, यावर मी इथं निवाडा देत नाही. माझं म्हणणं इतकंच की हा प्रश्न ज्या ज्ञानानं सुटायचा ते ज्ञान मोर्चातल्या पोरांना आपण दिलंच नाही. जमात ठरवण्याचे निकष १९६५ च्या लोकूर समितीनं मांडले, ते काय होते? विमुक्त-भटक्यांसाठी रेणके आयोग झाला, नंतर इदाते आयोग झाला, त्यांनी काय सांगितलं? बंजारा किती आहेत हे कोणालाच नेमकं ठाऊक नाही, कारण स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांनी अनुसूचित जाती-जमाती सोडून कोणाचीच जात मोजली नाही. मोजणी नाही, वाचन नाही, चर्चा नाही. आहे तो फक्त मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ. अशा वेळी सहअस्तित्वाचं भाषण करणारा पुढारी हा आगीजवळ उभं राहून थंडाव्यावर बोलणारा माणूस आहे.

समाज समजायला त्याचा अभ्यास लागतो, हे आपल्या पूर्वजांना कळत होतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं तेव्हा शेतसारा कोणाकडून येतो आणि शिक्षणावरचा खर्च कोणावर होतो, असा रोकडा हिशेब मांडला. दुसऱ्या वर्षी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये कुणब्याच्या घरातली भांडीकुंडी मोजावीत तशी त्याची दैना मोजली. महसूल खात्यात काम केलेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहून पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदार-फिरस्त्यांपर्यंत गाव कसं चालतं याची नोंद ठेवली. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याच्या नियमावर, आणि त्या नियमाची किंमत बाई मोजते, हे त्यांनी तेव्हा दाखवून दिलं. महाडच्या चवदार तळ्याच्या आधी जवळजवळ अकरा वर्षं हा अभ्यास झाला होता. आपण महाडचा फोटो भिंतीवर लावला आणि निबंध ऑप्शनला टाकला.

वऱ्हाडातलंच उदाहरण हवं तर पंजाबराव देशमुख घ्या. परदेशात जाऊन वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर त्यांनी संशोधन केलं, आणि परत आल्यावर अमरावतीचं अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १९२७-२८ च्या लढ्यात उतरले. ज्या धर्माचं नाव घेऊन माणसाला दाराबाहेर ठेवलं जात होतं तो धर्म त्यांनी मुळापासून वाचला होता. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता घराघरांत पारायणाला आहे. तिचे एकेचाळीस अध्याय उघडून बघा. गावाची सफाई, शिक्षण, सण, संसार, श्रम यांचा त्यात बारकाईनं विचार आहे. आपण पारायण केलं, पाहणी केली नाही.

"हे शिकून पोट भरतं का?" असा प्रश्न येणार, आणि तो खोटा नाही. कला शाखेच्या पदवीधराला नोकरी नाही, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, पीएच.डी. झालेली माणसं तासिका तत्त्वावर शेतमजुराइतक्या कमाईत शिकवतात. ही सरकारची लबाडी आहे आणि तिच्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण बापहो, विज्ञानाला घातलेल्या सगळ्यांचं पोट भरलं का? शिकवणीवर शेत विकून परत आलेली पोरं प्रत्येक गावात आहेत, आणि शेतीवर थांबलेल्या पोराला आज सोयरीक मिळत नाही. त्याचं लग्न का होत नाही, हा प्रश्न कोणत्या नीटच्या पुस्तकात आहे?

दुसरा आक्षेप सज्जनांचा. अभ्यास कशाला, प्रेमानं राहावं, सगळे सारखेच. प्रेमानं राहावं हे खरं. पण सगळे सारखे नाहीत, आणि ते सारखे नाहीत हे समजून घेण्यातच प्रेमाची कसोटी आहे. सलोख्याच्या बैठकीला पोलीस ठाण्यात दोन्हीकडचे तेच चार पुढारी बसतात, चहा पितात, फोटो निघतो. मोहल्ल्यातल्या मुली दहावीनंतर गळतात का, पेठेत भाड्याचं घर कोणाला नाकारलं जातं, हे त्या बैठकीत कधीच निघत नाही. न ओळखलेल्या माणसावरचं प्रेम पहिल्या अफवेला तुटतं.

असा अभ्यास करून दाखवलेलं गाव याच विदर्भात आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा, शंभरेक घरांचं गोंड गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं त्या गावानं ग्रामसभेला जोडून अभ्यासगट चालवले. जंगल, कायदा, दारू, पाणी, मध. जो विषय अडला त्यावर आधी अभ्यास, मग सगळ्यांच्या संमतीनं निर्णय. बहुमतानं कोणाला हरवायचं नाही, पटेपर्यंत बोलायचं. या अभ्यासाच्या बळावर २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते जाऊन बसलं. तिथं कोणी पदव्यांच्या माळा घालून आलं नव्हतं. केरळातही १९९६ च्या लोकयोजनेत पंचायतींनी गावकऱ्यांना घेऊन आपापल्या गावाचे विकास अहवाल लिहिले. मग कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखांचं महाविद्यालय असलेल्या दिग्रसला काय अडचण आहे?

कामं सांगतो. महाविद्यालयातल्या प्रत्येक कला शाखेच्या विद्यार्थ्यानं वर्षभरात आपल्या जातीच्या, आपल्या धर्माच्या नसलेल्या एका कुटुंबाचं जगणं त्यांच्या संमतीनं नोंदवावं: कमाई, कर्ज, आजार, शिक्षण, भाषा. नावं झाकून त्याचा मराठी अहवाल ग्रामसभेत मोठ्यानं वाचावा. दिग्रसच्या घंटीबाबांच्या यात्रेला जमणाऱ्या माणसांपुढंही वाचावा. प्रत्येक ग्रामपंचायतीनं दरवर्षी सांगावं की गावातल्या किती सातबाऱ्यांवर बाईचं नाव चढलं. पेरणीआधी फवारणी करणाऱ्या मजुरांची यादी करावी, त्यांची तपासणी करावी, आणि अंगरखा घातल्यानं जितके पंप कमी होतील तितकी मजुरी शेतमालकानं व शासनानं मिळून भरून द्यावी. तांड्याच्या शाळेत पहिली-दुसरीला गोरबोली जाणणारं माणूस असावं. या जिल्ह्यावर संशोधन करणाऱ्याला विद्यापीठानं मराठी सारांश गावात वाचून दाखवल्याशिवाय पदवी देऊ नये. संत गाडगेबाबांचं नाव लावणाऱ्या विद्यापीठाला एवढं जड जाऊ नये, कारण बाबांची सारी विद्या लोकांत उभं राहून प्रश्न विचारण्याची होती. यातल्या बहुतेक कामांना निधी लागत नाही. लाज लागते.

मुदतही ठरलेली आहे. २०२७ च्या जनगणनेत १९३१ नंतर प्रथमच साऱ्या देशात प्रत्येकाची जात नोंदली जाणार आहे. नोंदणारा बहुधा तुमच्याच गावचा मास्तर असेल. मग आकडे येतील: कोण किती, कोण शिकलं, कोण राहिलं. ते वाचणारी, पडताळणारी, त्यामागचा माणूस ओळखणारी पोरं गावात नसतील तर त्या आकड्यांच्या काठ्या होतील, आणि पुढारी त्या वाटतील. असतील तर त्याच आकड्यांतून उद्याच्या शाळा, मजुरी आणि जमिनीचा न्याय मागता येईल. दिग्रसकरांनो, सरकार मोजायला येण्याआधी तुमचं गाव तुम्ही वाचायला घ्या. आकडे हाती आल्यावर शिकू म्हणाल तर तोवर भांडण सुरू झालेलं असेल.